एकाच सुविधेसाठी दोन सर्वेक्षणांतून लोकांची पैसे देण्याची तयारी वेगवेगळी का दिसते?

एका सर्वेक्षणातील रक्कम दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट आली, तर चुकीचे कोणते, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते बहुधा दोन्ही आकडे आपापल्या प्रश्नाला धरूनच आलेले असतात. ज्या गोष्टीला बाजारभाव नाही, तिची किंमत उत्तर देणाऱ्याच्या मनात आधीपासून ठरलेली नसते. प्रश्न ऐकता ऐकता तो ती ठरवतो आणि प्रश्नातून जो सुगावा मिळेल त्याचा आधार घेतो.

‘जास्तीत जास्त किती द्याल?’ असे मोकळेपणाने विचारले की पुष्कळ जण शून्य सांगतात आणि काही जण अवास्तव मोठी रक्कम सांगतात. एखादी रक्कम पुढे ठेवून ‘इतके द्याल का?’ असे विचारले, तर नकार देणे अवघड वाटल्यामुळे होकार वाढतात आणि सरासरी सहसा वर जाते. पुढे ठेवलेली रक्कम ५० रुपयांपासून चढवत नेली की ५०० पासून उतरवत आणली, यावरही उत्तर कुठे थांबते ते अवलंबून असते.

पैसे कोणत्या मार्गाने घेणार, याकडे मात्र फारच कमी लक्ष दिले जाते, आणि मला ते सर्वांत जास्त खटकते. कर म्हटल्यावर आलेल्या शून्यांपैकी काही शून्ये त्या सुविधेला नसून कराला असतात. म्हणून ‘शून्य का?’ हा पुढचा प्रश्न न विचारता त्यांची सरासरी काढणे मला अयोग्य वाटते. देणगी म्हटले, तर प्रत्यक्षात खिशात हात घालायचा नसल्यामुळे माणूस सहज हो म्हणतो.

सुविधा किती मोठी आहे याचाही सांगितलेल्या रकमेवर फारसा परिणाम होत नाही, असेही दिसले आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २,०००, २०,००० आणि २,००,००० पक्षी वाचवण्यासाठी वेगवेगळ्या गटांना विचारले, तेव्हा सरासरी अनुक्रमे ८०, ७८ आणि ८८ डॉलर आली. पक्षी शंभरपट झाले, रक्कम जवळपास तीच राहिली. त्याच वर्षी केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञमंडळाने अशा सर्वेक्षणांत मतदानासारखा हो-नाही प्रश्न विचारावा आणि घरच्या खर्चाची व अन्य पर्यायांची आठवण करून द्यावी, अशी शिफारस केली.

तुमच्या दोन्ही प्रश्नावल्या शेजारी ठेवून प्रश्नाचा प्रकार, पैसे घेण्याचा मार्ग, रक्कम एकदाच द्यायची की दरवर्षी, आणि ती व्यक्तीमागे आहे की कुटुंबामागे, एवढे आधी ताडून पाहा. त्यातूनही फरकाचा उलगडा झाला नाही, तर नव्या पाहणीत लोकांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करा आणि दोन्ही गटांच्या प्रश्नांत फक्त एकाच बाबीचा फरक ठेवा.