यूट्यूब चालतंय, मग मीटिंगच का अडकते?

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, पुण्यातल्या कंपनीचं काम घरनंच करते. माहेर गगनबावड्याकडं, आई आजारी असते म्हणून सारखं जावं लागतंय. दरवेळी लॅपटॉप नेणं जमत नाही, मग मीटिंग फोनवरच. तिथं यूट्यूब मस्त चालतं पण मीटिंगला बसलं की आवाज तुटतो, फोन तापतो आणि साहेबांना वाटतं मी टाळाटाळ करतेय. काय करू?

उत्तर : ताई, फोन खराब आहे हे आधी डोक्यातनं काढा. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच भरून ठेवतं, मधी चार-पाच सेकंद नेट गेलं तरी आपल्याला कळतसुद्धा नाही. मीटिंगला ती सोय नाही, तुम्ही बोललेला शब्द तेव्हाच्या तेव्हा पुण्याला पोचायला लागतो, उशिरा पोचला की ॲप तो टाकूनच देतं, मग आवाज तुटतो. शिवाय यूट्यूबला डाउनलोड, म्हणजे आपल्याकडं येणारं नेट पुरतं, मीटिंगला अपलोड, म्हणजे आपल्याकडनं जाणारं नेटही तेवढंच लागतं, आणि टॉवर डोंगराआड किंवा लांब असला की पहिला मार अपलोडलाच बसतो कारण टॉवरची ताकद मोठी, आपल्या फोनची बारकी. म्हणून स्पीड टेस्ट करताना अपलोडचा आकडा बघा, आणि घरात एकाच जागी न बसता माळ्यावर, गच्चीवर, अंगणात फिरून बघा, दहा पावलांत फरक पडतो.

मग व्हिडिओ बंद करा, स्वतःचाच नव्हे, समोरच्यांचाही. झूममध्ये येणारा व्हिडिओ थांबवता येतो, गुगल मीटमध्ये फक्त आवाजाचा मोड आहे. ग्रुप व्हिडिओला तासाला साधारण ८०० एमबीपासून दोन-अडीच जीबीपर्यंत डेटा जातो, नुसत्या आवाजाला ३०-४० एमबी. एवढ्यानंच निम्मं दुखणं जातं आणि फोनही कमी तापतो, कारण कॅमेरा, स्क्रीन आणि नेट तिन्ही एकदम चालू, वरनं चार्जिंग लावलेलं, मग तो तापणारच. 5जी अर्धवट येत असेल तर सेटिंगमध्ये 4जी वर ठेवा, सारखं इकडनं तिकडं उड्या मारण्यात बॅटरी जाते. मीटिंगआधी फोन पूर्ण चार्ज करून घ्या, उन्हात ठेवू नका, इअरफोन वायरचा असेल तर उत्तम.

गावात कुठल्या कंपनीची रेंज बरी ते शेजारपाजारी विचारून दुसरं सिम त्याच कंपनीचं घ्या. पावसाळ्यात तिकडं लाइट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते, तेव्हा दुसरा पर्याय जवळ हवाच. मीटिंगमध्ये नातेवाइकांचा फोन आला की माइक तिकडं जातो, म्हणून तेवढ्यापुरते कॉल घरच्या कुणाच्या तरी नंबरवर फॉरवर्ड करा.

एसटीत मात्र महत्त्वाची मीटिंग घेऊच नका. कळे गावाच्या पुढं टॉवर बदलत जातात, आवाज जाणारच, आणि कंपनीचं बोलणं शेजारच्या सीटवर जातं ते वेगळंच. गाडी तुम्हीच चालवत असाल तर इअरफोन लावूनही नको, अजिबात नको. साहेबांना आदल्या दिवशीच मेसेज टाका, उद्या रेंज कमी आहे, आवाजावर असेन, सुटलं तर मुद्दे लिहून पाठवते. आई आजारी आहे हेही सांगा ताई, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

प्रश्न : फोनवरनं स्क्रीन शेअर करताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : सुरू करायच्या आधी डू नॉट डिस्टर्ब लावा आणि नोटिफिकेशन दिसणार नाहीत असं सेटिंग करा, नाहीतर बँकेचा ओटीपी आणि घरच्या ग्रुपवरचे मेसेज सगळ्या टीमला दिसू शकतात. पूर्ण स्क्रीनऐवजी एकच ॲप शेअर करायचा पर्याय तुमच्या फोनमध्ये असेल तर तोच वापरा. फोनवरची एक्सेल शीट समोरच्याला वाचता येत नाही, त्यापेक्षा फाइल आधीच मेल करून ठेवलेली बरी.