पीएलसीपासून (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकापासून) ६० मीटरवरचे चार आरएफआयडी रीडर (वस्तूवरच्या टॅगचा क्रमांक रेडिओ लहरींनी वाचणारी उपकरणे) आरएस-२३२ या तारेच्या जोडणीने जोडता येतील का?

नाही, त्यासाठी आरएस-४८५ जोडणीचे, मॉडबस आरटीयू (उपकरणांमधल्या संभाषणाचे नियम) वापरणारे रीडर घ्यावेत. आरएस-२३२ ही दोनच उपकरणांमधली जोडणी असून तिची व्यवहार्य मर्यादा साधारण १५ मीटर मानली जाते, तर आरएस-४८५मध्ये दोन तारांमधील व्होल्टेजचा फरक वाचला जात असल्याने ती विजेच्या मोटरींच्या विद्युत-गोंगाटातही टिकते आणि कमी वेगाला सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते. मात्र आरएस-४८५ हे केवळ विद्युत मानक आहे, संभाषणाचे नियम त्यात नाहीत. त्यामुळे टॅग दिसताच आपणहून मजकूर पाठवणारे रीडर एकाच तारेवर ठेवल्यास त्यांचे संदेश एकमेकांवर आदळतात. मॉडबसमध्ये पीएलसी प्रत्येक रीडरला त्याच्या पत्त्यावरून क्रमाने विचारतो, म्हणून ही टक्कर टळते. पाळी येईपर्यंत वाचलेला क्रमांक रीडर साठवून ठेवतो ना, एवढे खरेदीपूर्वी तपासावे.