‘मायर’ आडनावाचं मूळ शोधताना

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. जर्मनीतल्या हॅनोव्हरकडच्या जावयांचं ‘मायर’ हे आडनाव ज्यू आहे का, शेजारचे वेगळ्या स्पेलिंगचे मायर त्यांचे भाऊबंद असतील का, आणि नातवासाठी वंशावळ काढायची तर सुरुवात कुठून करायची. जरा लांबण लागेल, पण तिन्हींची गाठ एकच आहे.

मायर हा मुळात हुद्दा. लॅटिनमधल्या ‘मायोर’ (मोठा, वरचा) या शब्दावरून आलेला. मध्ययुगात सरदारांच्या आणि मठांच्या जमिनी गावोगाव विखुरलेल्या असत, आणि मालक काही तिथे राहत नसे. त्याच्या वतीने मुख्य वाडीवर राहून कुळांकडून धान्य, कोंबड्या, अंडी वसूल करायची, वेठीची कामं वाटून द्यायची, बांधावरच्या तंट्यांचा निवाडा करायचा, हे करणारा कारभारी म्हणजे मायर. असे मायर शेकडो गावांत होते. आपल्याकडचे सगळे पाटील एका घराण्यातले नसतात, तसंच हे.

पुढे बाराव्या-तेराव्या शतकात ही पद्धत मोडत गेली आणि मालक जमिनी खंडाने देऊ लागले. आज ज्याला लोअर सॅक्सनी म्हणतात, म्हणजे नेमका तुमच्या जावयांचा मुलूख, तिथे अशा खंडाने कसणाऱ्या शेतकऱ्यालाच मायर म्हणू लागले आणि कालांतराने तो हक्क वंशपरंपरागत झाला. त्यामुळे एकेका गावात दोन-चार मायर. मग ओळख पटायला नावाला शेपूट नाहीतर डोकं लावणं आलंच: वरच्या वाडीचा ओबरमायर, खालच्या वाडीचा नीडरमायर, नव्याने आलेला तो निमायर. ब्राझीलचा वास्तुविशारद ऑस्कर निमायर याचं आडनाव हेच.

स्पेलिंगवरून नातं ठरवू नका. पूर्वी पाद्री कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायचा. बाप ई-आयवाला (Meier) आणि मुलगा ई-वायवाला (Meyer), अशी नोंद एकाच वहीत सापडते. संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1876 पासून सुरू झाली आणि तेव्हा कागदावर जे होतं ते पक्कं होत गेलं. फार तर प्रदेशाचा अंदाज बांधता येतो: वायव्येला ई-वाय जास्त, वुर्टेंबर्गकडे ए-आय, दक्षिण बव्हेरिया नि ऑस्ट्रियात नुसतं एम-ए-वाय-आर. आपण देवनागरीत सगळ्यांना ‘मायर’ लिहितो, आणि उच्चाराच्या दृष्टीने तेच बरोबर आहे.

आता ज्यू असण्याचा प्रश्न. हिब्रूत ‘मेईर’ (प्रकाश देणारा) हे पुरुषाचं पाळण्यातलं नाव आहे आणि ते जर्मनीत ‘मायर’ असंच लिहिलं जाई. रोथशील्ड या सावकारी घराण्याचा संस्थापक मायर आम्शेल (1744–1812) याचं मायर हे पाळण्यातलं नाव. रोथशील्ड हे आडनाव फ्रँकफुर्टच्या ज्यू गल्लीतल्या लाल ढालीच्या घरावरून आलेलं. संगीतकार मायरबेअरचं जन्मनाव याकोब बेअर. आईच्या वडिलांचं ‘मायर’ त्याने पुढे जोडून घेतलं. बहुतेक ज्यूंना कायमचं आडनाव सक्तीने घ्यावं लागलं ते ऑस्ट्रियात 1787 मध्ये, नेपोलियनच्या अमलाखालच्या मुलखात 1808 मध्ये, प्रशियात 1812 मध्ये. तेव्हा काहींनी बापाचं ‘मायर’च आडनाव म्हणून लावलं. म्हणजे आडनाव एक, पण उगम दोन आणि एकमेकांशी काही संबंध नसलेले. जावयांचं घराणं कुठल्या उगमाचं, ते फक्त जुन्या नोंदी सांगतील. संख्येने शेतकरी मायर कितीतरी जास्त, एवढंच आडनावावरून म्हणता येतं.

आणि हा प्रश्न व्याह्यांना जेवणाच्या टेबलावर एकदम विचारू नका. नाझी काळात सरकारी नोकरीसाठीसुद्धा आपण ज्यू नसल्याचे पुरावे द्यावे लागत. त्यासाठी लोकांनी चर्चमधून आजोबा-पणजोबांच्या नोंदी उतरवून ‘आनेनपास’ नावाची पुस्तिका भरली. ती अजून कित्येक घरांत कपाटाच्या तळाशी असते. कशासाठी केली ते आठवलं की हात लावायला नको वाटतं, पण तीन-चार पिढ्यांची गावं नि तारखा त्यात आयत्या मिळतात. तेव्हा आधी ‘जुनी कौटुंबिक कागदपत्रं आहेत का’ एवढंच विचारा. लग्नाच्या वेळी मिळणारं ‘श्टामबुख’ (कुटुंबाच्या नोंदींची वही) तरी असेलच.

त्यातून गाव मिळवा. गाव कळल्याशिवाय नुसतं ‘मायर’ शोधत बसाल तर हजारो निघतील आणि एकही तुमचा नसेल. सरकारी कार्यालयात जन्माची नोंद 110 वर्षं, लग्नाची 80 आणि मृत्यूची 30 वर्षं राखून ठेवतात, नंतर ती अभिलेखागारात जाते. थेट वंशजाला मुदतीआधीही नक्कल मिळते, म्हणून अर्ज जावयांच्या नावाने करा. 1876 च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. त्या वेबसाइटवर पाहता येतात: प्रॉटेस्टंट असतील तर ‘आर्कियॉन’ (पैसे भरावे लागतात), कॅथलिक असतील तर ‘मात्रिकुला’ (फुकट). अक्षर जुन्या कुरेंट वळणाचं असतं, आपल्याला मोडी लागत नाही तसं तेही आधी लागत नाही. वर्णमालेचा तक्ता शेजारी ठेवा.

वाचताना ‘गेनांट’ (म्हणजे ऊर्फ) शब्दावर नजर ठेवा. वेस्टफालिया आणि आसपास घरजावई झालेला माणूस सासऱ्याच्या शेतवाडीचं नाव घेई. तसा शब्द दिसला तर मायर हे आडनाव सासुरवाडीचं निघण्याची शक्यता मोठी, आणि बापाकडची शाखा तिथून मागे दुसऱ्याच आडनावाखाली शोधावी लागते.