वणव्यानंतरची पायवाट: निखिल यांच्या तीन प्रश्नांना उत्तर

श्री. निखिल यांस, सप्रेम नमस्कार.

दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातून पदवी घेऊन तुम्ही अमेरिकेला जाण्याची तयारी करत आहात आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत. वणव्यात जळालेल्या सरकारी जंगलांतल्या पायवाटा दुरुस्त करणाऱ्या तुकडीत भारतीय माणसाला काम मिळते का, ते काम प्रत्यक्षात कसे असते, आणि त्याच्या आधारावर तिथे स्थायिक होता येते का. मी मूळची भोर तालुक्यातली. २०१८ पासून कॅलिफोर्नियात राहते, आणि २०२१ ते २०२३ असे तीन मोसम बिग सर या समुद्रकाठच्या भागाच्या मागच्या डोंगरांत, लॉस पाद्रेस राष्ट्रीय वनातल्या व्हेंटाना विल्डरनेस या राखीव रानात, मी हेच काम केले आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तुमच्या घरचा पैसा त्यावर पणाला लागणार आहे. या कामाच्या जोरावर अमेरिकेत स्थायिक होता येत नाही. मला हे काम मिळाले ते हातात आधीच ग्रीन कार्ड होते म्हणून. आणि ते होते याचे कारण आत्याने माझ्या वडिलांसाठी केलेला अर्ज तेरा वर्षांनी मंजूर झाला तेव्हा मी जेमतेम वीस वर्षांची होते. त्यात माझे कर्तृत्व काही नाही. अशा बऱ्याच तुकड्या अमेरीकॉर्प्स या केंद्रीय सेवायोजनेच्या पैशावर चालतात, आणि तीत अमेरिकेचे नागरिक किंवा कायमस्वरूपी रहिवासी यांनाच घेतले जाते. खुद्द वनखात्याच्या हंगामी नोकऱ्यांना तर साधारणपणे नागरिकत्वच लागते. एच-१बी व्हिसा ज्या कामाला पदवी अनिवार्य आहे त्यासाठी असतो, आणि कुदळ-फावडे चालवायला पदवी लागते असे कोणत्याही अधिकाऱ्याला पटवून देता येणार नाही. पर्यटक व्हिसावर येऊन असे काम करण्याचा विचार असेल, तर तो आजच सोडून द्या.

विद्यार्थी म्हणून आलात, तर पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या सवलतीचे, १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसणाऱ्या अभ्यासक्रमांना त्यावर आणखी २४ महिने काम करता येते, मात्र ते काम अभ्यासाच्या विषयाशी थेट निगडित असावे लागते आणि वाढीव काळात मालकाला लेखी प्रशिक्षण आराखड्यावर सही करावी लागते. म्हणून वणव्यानंतरची मातीची धूप, पाणलोटाचे सर्वेक्षण किंवा जीआयएस, म्हणजे संगणकावरचे नकाशे, यांचे शिक्षण घ्या आणि नोकरीही त्याच बाजूची शोधा. पायवाटेचे काम शनिवार-रविवारी स्वयंसेवक म्हणून करा. आमच्या भागात व्हेंटाना विल्डरनेस अलायन्स ही संस्था स्वयंसेवकांना हत्यारे चालवायला शिकवून डोंगरात नेते, आणि इतर राष्ट्रीय वनांच्या आसपासही अशा संस्था आहेत. विद्यार्थी व्हिसावर विनावेतन स्वयंसेवेची मर्यादा कुठपर्यंत आहे, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारून, त्यांचे उत्तर लेखी घेऊनच पाऊल टाका. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. २०२५ च्या फेब्रुवारीत वनखात्याने सुमारे ३,४०० परिवीक्षाधीन (प्रोबेशनवरचे) कर्मचारी कमी केले आणि एप्रिलमध्ये अमेरीकॉर्प्सची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने रद्द झाली. पुढे काही निर्णय न्यायालयांनी फिरवले, पण या क्षेत्रात नोकरी हमखास मिळेल असे सांगणाऱ्या कोणत्याही सल्लागाराला एक रुपयाही देऊ नका.

केवळ वर्षभर परदेशात राहून या कामाचा अनुभव घ्यायचा असेल, तर अमेरिकेपेक्षा ऑस्ट्रेलियाचा रस्ता तुमच्यासाठी अधिक मोकळा आहे. तिथला ४६२ क्रमांकाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ पासून भारतीयांना खुला झाला असून वर्षाला १,००० जागा सोडतीने दिल्या जातात. वय १८ ते ३० लागते. २०१९-२० च्या भीषण वणव्यांनंतर त्यांच्या सरकारने जाहीर केलेल्या भागांतले पुनर्बांधणीचे काम दुसऱ्या वर्षीचा व्हिसा मिळवण्यासाठी ग्राह्य धरले. तिथे मी स्वतः काम केलेले नाही, म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

आता कामाविषयी. तुमच्या पत्रातून असे दिसते की, जळालेल्या डोंगरावर रोपे लावण्याचे काम तुमच्या डोळ्यांसमोर आहे. तीन वर्षांत मी एकही रोप लावले नाही. आमचे जवळजवळ सगळे काम पाण्याशी होते, आणि ते तुम्हाला इथल्या बहुतेक मुलांपेक्षा लवकर समजेल, कारण पाणलोटाच्या कामात आपल्याकडे जे अनगड दगडी बांध घालतात आणि सलग समतल चर खणतात, त्यांच्यामागचा विचार आणि यामागचा विचार एकच आहे. या डोंगरांवर चॅपराल नावाचे तेलकट पानांचे दाट झुडपी रान असते. ते पेटले की पानांतले मेणासारखे पदार्थ वाफ होऊन मातीत उतरतात आणि काही सेंटिमीटर खाली थंड होऊन बसतात, आणि त्या थरातून पाणी झिरपत नाही. पहिल्या जोरदार पावसात वरची राख आणि माती तशीच्या तशी घसरत खाली येते. याच डोंगरांत डोलन नावाचा वणवा २०२० च्या ऑगस्टमध्ये लागला आणि त्यात १,२४,९२४ एकर क्षेत्र जळले. त्याच डोंगरावरून २०२१ च्या जानेवारीत आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने रॅट क्रीक येथे समुद्रकाठच्या १ क्रमांकाच्या महामार्गाचा सुमारे १५० फुटांचा तुकडा समुद्रात ओढून नेला. जिथे डांबरी रस्त्याची ही गत, तिथे दीड फूट रुंदीच्या पायवाटेचे काय होत असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

पायवाट खचण्याची रीत ठरलेली असते. वरच्या अंगाने माती घसरून वाटेवर साचते, लोकांच्या आणि जनावरांच्या चालण्याने बाहेरच्या कडेला वरंबा तयार होतो, आणि मग वाट म्हणजे पन्हळ होते. पाणी बाहेर पडायला जागाच उरत नसल्यामुळे ते वाटेवरूनच धावते आणि तळ खरवडून नेते. आमचे काम तो वरंबा फोडून वाटेला बाहेरच्या बाजूने किंचित उतार देण्याचे आणि ठरावीक अंतरावर पाण्याला बाहेर काढणारा खोलगट उतार करून देण्याचे. पुलास्की या हत्याराने हे करतात. त्याच्या एका बाजूला कुऱ्हाडीचे पाते असते आणि दुसऱ्या बाजूला सुताराच्या वाकसासारखे आडवे पाते. १९१० च्या आयडाहोच्या महावणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणारे वनरक्षक एड पुलास्की यांच्या नावाने ते ओळखले जाते. दुसरे हत्यार मॅकलाउड, म्हणजे एका अंगाला दाताळे आणि दुसऱ्या अंगाला रुंद फावडे. आमच्या तुकडीची प्रमुख, पूर्ण झालेली वाट तपासताना, पाण्याची बाटली तिच्यावर आडवी ठेवून सोडत असे. बाटली वाटेवरून घरंगळत पुढे गेली तर ते काम पुन्हा करायचे, आणि बाहेरच्या कडेकडे गेली तर पास. २०२२ मध्ये आम्ही आठ दिवस खपून केलेला असा एक पट्टा २०२३ च्या जानेवारीच्या वादळांत पूर्ण वाहून गेला. मोसमाच्या पहिल्या दिवशी आम्ही त्याच जागी उभे होतो आणि वाट कुठून जात होती, यावर आमच्यात वाद झाला.

विल्डरनेस म्हणून घोषित केलेल्या भागात १९६४ च्या कायद्याने यंत्रांना बंदी आहे. तिथे चेनसॉ चालत नाही, इतकेच काय, एकचाकी ढकलगाडीही चालत नाही, त्यामुळे आडवी पडलेली झाडे दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या करवतीने कापावी लागतात. पहिल्या महिन्यात मला ती अजिबात जमली नाही, कारण मी करवत ढकलत होते. ती फक्त आपल्याकडे ओढायची असते; ओढून झाली की हात सैल सोडायचा आणि समोरच्याला ओढू द्यायचे. ढकलली की लांब पाते मध्येच वाकते. लय लागली आणि दातांना नीट धार असली, की भुशाऐवजी लाकडाचे लांब किस बाहेर येतात, शेवया पडाव्यात तसे. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर कापत जाऊ तशी वरची खाच मिटत जाऊन पाते घट्ट पकडते. म्हणून करवत पुरेशी आत गेल्याबरोबर तिच्या मागे पाचर ठोकतात. तीन फूट जाडीच्या पाइनचे दोन काप घ्यायला आम्हाला बहुतेक सगळी सकाळ लागायची. शेवटी मधला तुकडा सुटला, की चौघे उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर बसून पायांनी रेटून तो दरीकडे ढकलायचे. या करवतीसाठी वनखात्याची परीक्षा असते आणि तिचे अ, ब, क असे टप्पे आहेत. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र नसेल तर त्या परीक्षेला बसता येत नाही.

धोक्यांबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, आणि घरच्यांना सांगायला ते लागतीलच. जळून उभी राहिलेली झाडे वणव्यानंतर कित्येक वर्षे अधूनमधून कोसळत असतात, वाऱ्याच्या दिवशी तर फार. त्यामुळे वारा वाढला की काम थांबते, आणि झोपायची जागा निवडण्याआधी प्रत्येकाने मान वर करून पाहायचे हा नियम आहे. दुसरा धोका पायाखाली असतो. जमिनीतली मुळे आत धुमसत जळून जातात आणि त्यांच्या जागी पोकळ बोगदे राहतात, वरून मात्र जमीन सलग दिसते. माझा डावा पाय एकदा मांडीपर्यंत असा आत गेला. हाड वाचले, पण नडगी सोलून निघाली.

पण ज्याने मी खरोखर लोळागोळा झाले, ते होते एक साधे झुडूप. पॉइझन ओक हे आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातले. वणव्यानंतर सगळ्यांत आधी जोमाने फुटणाऱ्यांपैकी ते एक असल्यामुळे वाट मोकळी करताना त्यालाच कापत जावे लागते. बिब्बा उतला की काय होते, हे आजीच्या तोंडून ऐकले होते, तरी घाम पुसायला मी हातमोजा डोळ्यांवरून फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पापण्या उघडेनात. सहकाऱ्याच्या पिशवीचा पट्टा धरून मी सोळा किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत आले आणि आठवडाभर घरी बसले. तेव्हापासून मी वाटेवरचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधते आणि गार पाण्याने, साबण लावून, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तोंडाला हात लावत नाही. ज्यांना बिब्बा किंवा काजूचे तेल लगेच उठते, त्यांनी या भागातले काम घेण्याआधी नीट विचार करावा.

बाकीचे थोडक्यात लिहिते. आठ ते दहा दिवसांचा एक फेरा असतो, त्याला हिच म्हणतात, आणि मग चार-सहा दिवस सुट्टी. दिवस दहा तासांचा. सामान काही ठिकाणी खेचरांवर जाते, बऱ्याचदा पाठीवर. फोन लागत नाही. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, डाळ-तांदूळ-राजमा भरपूर असतो; मी प्रत्येक फेऱ्याला मेतकूट आणि लसणाची चटणी नेत असे, आणि दुसऱ्या मोसमात ती चटणी माझ्या वाट्याला उरत नसे. वेतन कॅलिफोर्नियाच्या किमान वेतनाच्या आसपास असते, काही तुकड्यांत त्याहून कमी मानधन मिळते. या भागातल्या खोलीभाड्याकडे पाहिले तर त्यावर शिल्लक पडत नाही. मी आत्याकडे राहत होते, म्हणून निभावले. शिक्षणकर्ज फेडायचे असेल, तर हे काम तुमच्या हिशेबात बसणार नाही.

आता सध्या काय करते, हे तुम्ही शेवटी विचारले होते. इथे पाणी आणि माती यांच्या संधारणासाठी स्थानिक पातळीवर शासकीय मंडळे असतात. त्यांपैकी एकात मी जळालेल्या ओढ्यांची मोजणी करते, आणि ती नोकरी मिळाली तेव्हा मुलाखतीत बांध कसा घालतात यावरच अर्धा तास बोलणे झाले.

बूट मात्र भारतातून आणू नका. घोट्याच्या वर येणारे, आठ इंच उंचीचे चामड्याचे बूट इथेच घ्या, मोसमाच्या किमान महिनाभर आधी घ्या आणि घरात, बाजारात, सगळीकडे तेच घालून फिरा, म्हणजे पाय सोलवटणार नाहीत. ओले झाले तर शेगडीजवळ वाळवायला ठेवू नका. मी ठेवले, गोंद सुटला, आणि पहिल्या मोसमाच्या तिसऱ्या दिवशी उजव्या बुटाचा तळवा ओढ्यात राहिला. उरलेले पाच दिवस तो बूट मी चिकटपट्टी गुंडाळून घालत होते.

तुमची,
वैशाली