रस्त्यावरून आणलेली कुत्री सतत घाबरलेली असते, तिला माणसांची सवय कशी लावावी?

तुम्ही धुळ्याहून लिहिलंय की दीडेक वर्षाची गावठी कुत्री घरी आणली, ती दिवसभर खाटेखाली असते, पाहुणा दिसला की जागीच लघवी करते आणि वरातीचा डीजे गेला की रात्रभर धापा टाकते. घरचे म्हणतात ओट्यावर बांधा, चार माणसं बघून आपोआप सरावेल. कृपा करून तसं बांधू नका.

ज्या जनावराला निघून जाता येतं तेच हळूहळू सरावतं. बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही म्हणून गप्प बसतं. आपल्याला वाटतं निवलं, पण ते थिजलेलं असतं, आणि असं थिजलेलं कुत्रं एखाद्या लहान पोराने हात पुढे केला की चावतं. मग सगळा दोष त्याच्यावर येतो. म्हणून पहिलं काम हे की खाटेखालची जागा तिची. तिथून तिला ओढायचं नाही, तिथे झाडू घालायचा नाही, पोरांनी वाकून बघायचं नाही. पाण्याचं भांडं जवळ ठेवा.

पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना काय नेहमीचं आणि काय धोक्याचं हे त्याच्या मनात पक्कं होत जातं. तुमच्या कुत्रीचा तो काळ रस्त्यावर गेला. त्या वेळी तिने माणसाच्या हातात काय पाहिलं असेल, दगड की भाकरी, ते आपल्याला कळणार नाही. आता ते पुसता येत नाही, पण त्याच्यावर नवीन चांगलं रचता येतं.

मी अमळनेरला राहते. आमच्या घरी आलेली सगळी कुत्री रस्त्यावरचीच, आणि प्रत्येक वेळी मला पाहुण्याला शिकवणं कुत्र्याला शिकवण्यापेक्षा जड गेलं. 'मला कुत्री ओळखतात' म्हणणारा माणूस थेट हात पुढे करून येतो. त्याला दारातच सांगा: तिच्याकडे बघू नका, बोलू नका, अंगावर वाकू नका, तिच्याकडे तोंड न करता एका बाजूला वळून बसा. आपल्याकडे पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही, म्हणजे तो तासभर तरी एका जागी बसणार, त्याचा फायदा घ्या. उकडलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे त्याच्यापासून लांब, तिच्या बाजूला टाकत राहा. पाहुण्याने हातातून भरवायचं नाही. घाबरलेलं कुत्रं कलेजीच्या लोभाने मान ताणून पुढे येतं, तुकडा घेतं, आणि मग एकदम भानावर येतं की आपण माणसाच्या पायाशी आहोत. तिथेच गडबड होते. ती आपणहून किती जवळ येते ते तिला ठरवू द्या.

तिने तुकडा हुंगून सोडून दिला तर समजा की अंतर कमी पडतंय. घाबरलेलं पोट खात नाही. त्याआधीच्या खुणाही ओळखायला शिका: जिभेने नाक चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला गेला की सगळीच कुत्री धापा टाकतात, पण उन्हाची धाप सावलीत पाणी पिऊन बसली की उतरते. भीतीची धाप कूलरसमोरही थांबत नाही.

आवाजाचं तंत्र जरा वेगळं. आधी आवाज, मग लगेच खाऊ, हा क्रम उलटू देऊ नका. खाऊ आधी आला तर काही दिवसांनी कलेजी दिसताच ती खाटेखाली जाईल. लवंगी माळेचा आवाज मोबाईलवर अगदी हळू लावून सुरुवात करता येते. डीजेचा मात्र येत नाही, कारण छातीत घुमणारी ती धडधड मोबाईलच्या स्पीकरमधून निघतच नाही. त्यासाठी खरंच लांब उभं राहावं लागतं. वैशाखात आमच्याकडे बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. मी आमच्या कुत्रीला घेऊन इतक्या लांब थांबायचे की गलका नुसता गुणगुणल्यासारखा ऐकू येईल. ती कान टवकारायची, मी तुकडा द्यायचे, ती परत जमीन हुंगायला लागायची. हुंगायला लागली म्हणजे जमलं. त्या दिवशी तिथूनच घरी परतायचं.

तुम्ही असंही विचारलंय की घाबरल्यावर जवळ घेतलं तर भित्रेपणा वाढेल का. नाही वाढत. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांच्या प्रयोगांत खाणं येणार अशी खूण मिळाली की कुत्र्यांना लाळ सुटायची. ती कुत्री लाळ ठरवून गाळत नव्हती, भीतीचंही तसंच आहे. ती मुद्दाम केलेली वागणूक नव्हे, त्यामुळे कुरवाळण्याने तिला बक्षीस मिळत नाही. ती आपणहून जवळ आली तर हात ठेवा, नाही आली तर नुसतं शेजारी बसा. माझी आई अशा वेळी तिच्याशी अहिराणीत संथपणे काहीबाही बोलत राहते, आणि कुत्री तिच्या पायाशी येऊन पडते. लघवी झाली तर मुकाट्याने पुसा. रागावलात तर पाहुणा आणि मार ही जोडी तिच्या डोक्यात पक्की होईल.

गुरांच्या दवाखान्यात एकदा मात्र नक्की दाखवा. कानाचं दुखणं, गोचीड ताप, जुनी हाडाची दुखापत, यांनीही कुत्रं माणसाला बिचकतं. रेबीजची लस राहिली असेल तर तेव्हाच घ्या. तिने कुणाला चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुऊन त्या माणसाला लगेच माणसांच्या दवाखान्यात न्यायचं.

दिवाळीच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. भीती कमी करणारी औषधं वेगळी आणि नुसती गुंगी आणणारी वेगळी. गुंगीच्या गोळीने अंग ढिलं पडतं, आत ती तेवढीच घाबरलेली असते, तेव्हा हा फरक स्पष्ट विचारून घ्या. माणसाची झोपेची गोळी देऊ नका. त्या दिवसांत उजेड असतानाच फिरवून आणा, खिडक्या लावून पंखा मोठा ठेवा, आणि गळपट्ट्यावर तुमचा नंबर लिहा, कारण सुतळी बॉम्बला बिथरलेलं कुत्रं अर्धवट उघड्या दारातूनही निसटतं आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटतं.