‘३क सम आहे’ दिलं असेल तर क समच असतो ना?

नाही. ‘क पूर्णांक आहे’ असं प्रश्नात लिहिलेलं नसेल, तर ३क सम असूनही क सम असेलच असं नाही. क = २/३ घ्या: ३क = २ येतं, आणि २/३ सम नाही, विषमही नाही. सम-विषम हे फक्त पूर्णांकांनाच लागू होतं. क पूर्णांक आहे हे आपणच मनात धरून बसतो. ‘क² सम आहे’ याचंही तसंच: क² = २ असेल तर क अपरिमेयच निघतो, म्हणजे दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणूनही लिहिता येत नाही. मी सोलापुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अंकगणित शिकवते. ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का?’ या प्रकारात हुशार मुलांचे गुण इथेच जातात. उत्तराला हात घालण्याआधी एवढं बघा:

- ० चालतो का? तो सम आहे, पण धन नाही आणि ऋणही नाही. −३ विषम आहे, हेही विसरलं जातं.
- ‘सर्वांत लहान सम संख्या’ कुठल्या संचातली? नैसर्गिक संख्यांत (१, २, ३…) २, पूर्ण संख्यांत (०, १, २…) ०, पूर्णांकांत (यात ऋण संख्याही येतात) अशी संख्याच नाही.
- क आणि ख वेगळे आहेत असं कुठे म्हटलंय?
- मूळ संख्या म्हणजे विषम असं धरलंत, तर २ सुटतो.

मात्र प्रश्न चादरींच्या नगांचा असेल तर पूर्णांक बिनधास्त धरा, पाऊण चादर कुणी विकत नाही. शून्य नग तिथेही शक्य असतात.