वाचकांचे प्रश्न : शहर बदलताना बँक निवडावी की क्रेडिट युनियन?

प्रश्न : आम्ही पतीपत्नी ओहायोतील कोलंबस येथे राहतो आणि नोकरीतील बदलामुळे दोन महिन्यांत सिॲटलला जाणार आहोत. आमचे सध्याचे खाते ज्या बँकेत आहे तिची एकही शाखा वॉशिंग्टन राज्यात नाही. नव्या कार्यालयातील सहकारी तेथील क्रेडिट युनियनची शिफारस करतात. भारतातील नातेवाईक मात्र सांगतात की क्रेडिट युनियन म्हणजे आपली पतसंस्थाच, त्यापेक्षा मोठी बँक बरी. आम्ही दरमहा आईवडिलांना पैसे पाठवतो आणि वर्षभरात मोटार घेण्याचा विचार आहे. खाते कोठे उघडावे आणि जुने खाते लगेच बंद करावे का? – एक वाचक, कोलंबस

उत्तर : आपल्या नातेवाइकांची शंका प्रथम घेतो, कारण ती मनात राहिली तर पुढचा कोणताही सल्ला पटणार नाही. भारतात ठेव विम्याचे कवच व्यापारी आणि सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही, आणि बंद पडलेल्या पतसंस्थांच्या दाराशी हेलपाटे घालणारे ठेवीदार आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. तेव्हा ही भीती निराधार म्हणता येणार नाही. अमेरिकेतील व्यवस्था मात्र निराळी आहे. बँकांतील ठेवींना १९३३ साली स्थापन झालेले फेडरल डिपॉझिट इन्शुरन्स कॉर्पोरेशन, म्हणजेच एफडीआयसी, विमासंरक्षण देते. क्रेडिट युनियनमधील ठेवींसाठी तसाच निधी १९७० पासून असून तो नॅशनल क्रेडिट युनियन ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजेच एनसीयूए, ही संघराज्य सरकारची संस्था चालवते. दोन्हींची मर्यादा सारखीच आहे : एका ठेवीदाराला एका संस्थेत मालकीच्या एका प्रकारासाठी अडीच लाख डॉलर. पतीपत्नींचे संयुक्त खाते हा स्वतंत्र प्रकार मानला जात असल्याने त्यात दोघांचे मिळून पाच लाखांपर्यंतचे पैसे सुरक्षित राहतात. दोन्हींमागे अमेरिकी सरकारची हमी आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो तपासल्याशिवाय सही करू नये. राज्य सरकारचा परवाना असलेल्या काही मोजक्या क्रेडिट युनियन खासगी कंपनीचा विमा घेतात, ज्यामागे सरकारची हमी नसते. म्हणून दारावर, संकेतस्थळावर आणि खाते उघडण्याच्या अर्जावर एनसीयूएचे चिन्ह आहे का ते पाहावे आणि त्या संस्थेचे नाव एनसीयूएच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधून खात्री करावी. बँकेसाठी हीच सोय एफडीआयसीच्या संकेतस्थळावर आहे. हल्ली काही ॲप बँकेसारखे खाते देतात, परंतु ती कंपनी स्वतः बँक नसते. २०२४ मध्ये सिनॅप्स नावाची अशी मध्यस्थ कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा असंख्य ग्राहकांचे पैसे महिनोन्महिने अडकून पडले. कोणतीही बँक बुडाली नव्हती, त्यामुळे ठेव विमा तेथे उपयोगी पडला नाही. नव्या शहरात पगार जमा होण्याचे मुख्य खाते अशा ॲपवर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पतसंस्थेशी केलेली तुलना एका अर्थाने बरोबरही आहे. क्रेडिट युनियन ही सभासदांच्या मालकीची संस्था असते, खाते उघडताना बहुधा पाच ते पंचवीस डॉलरचा एक भाग (शेअर) विकत घ्यावा लागतो आणि शिल्लक कितीही असली तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असते. गंमत अशी की या चळवळीचा एक धागा भारतातून गेलेला आहे. बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांनी १९०७ साली भारताच्या दौऱ्यात १९०४ च्या कायद्यान्वये उभ्या राहिलेल्या ग्रामीण सहकारी पतपेढ्या पाहिल्या, आणि परतल्यावर मॅसॅच्युसेट्समध्ये १९०९ साली क्रेडिट युनियनचा कायदा व्हावा म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत ते अग्रभागी होते.

सभासदत्वासाठी मात्र काहीतरी समान दुवा लागतो : एकाच मालकाकडील नोकरी, एकच संघटना किंवा एकाच परिसरातील वास्तव्य. ही अट आता पूर्वीइतकी कडक राहिलेली नाही. सिॲटल परिसरातील बीईसीयू १९३५ मध्ये बोईंगच्या कर्मचाऱ्यांनी सुरू केली, परंतु आज वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या कोणालाही तिचे सभासद होता येते. आपण जाणार आहात त्या परिसरात कोणकोणत्या संस्था आपल्याला प्रवेश देतील, हे घर ठरल्यानंतर पत्त्यावरून पाहणे सोपे जाईल.

आता आपल्या दोन गरजा. दरमहा भारतात पैसे पाठवण्यासाठी आपण बहुधा एखाद्या पैसे पाठवणाऱ्या कंपनीचा वापर करत असाल आणि ती कंपनी आपल्या खात्यातून रक्कम ओढून घेत असेल. तसे असेल तर खाते बँकेत आहे की क्रेडिट युनियनमध्ये, याने काही बिघडत नाही. फरक पडतो तो मोठी रक्कम वायरने, म्हणजे बँकेतून बँकेत थेट, पाठवताना, आणि त्याहून अधिक भारतातून येथे आणताना, उदाहरणार्थ भारतातील जागा विकून आलेले पैसे. लहान क्रेडिट युनियनकडे बहुधा स्वतःचा स्विफ्ट संकेतांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यवहारात बँक ओळखण्याचा क्रमांक, नसतो. वायर एखाद्या मध्यस्थ बँकेमार्फत फिरून येते, तिचे शुल्क मधल्या मध्ये कापले जाते आणि तपशिलात सभासद क्रमांक चुकला तर रक्कम परत फिरण्याची शक्यता असते. खाते उघडण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यास इतकेच विचारावे : ‘भारतातून वायर यायची असेल तर पाठवणाऱ्याला कोणत्या सूचना द्यायच्या, त्या लेखी मिळतील का?’ त्या छापील कागदावर मधल्या किती बँकांची नावे आहेत, यावरून पैसे किती हातांतून फिरून येतील ते कळेल.

मोटारीच्या कर्जाच्या बाबतीत पारडे क्रेडिट युनियनकडे झुकते. त्या नफ्यासाठी चालत नाहीत आणि त्यांना संघराज्याचा आयकर नाही, त्यामुळे मोटारकर्जाचा दर बहुधा बँकेपेक्षा कमी असतो. शिवाय संघराज्याच्या परवान्याने चालणाऱ्या क्रेडिट युनियनच्या बहुतेक कर्जांवर १८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. परंतु कर्जाच्या करारातील एक कलम फार थोडे लोक वाचतात. अनेक क्रेडिट युनियन एका कर्जाचे तारण दुसऱ्या कर्जालाही लागू करतात. म्हणजे मोटारीचे कर्ज आणि क्रेडिट कार्ड एकाच ठिकाणी असेल आणि कार्डाची रक्कम थकली, तर मोटारीचे सर्व हप्ते फिटलेले असूनही तिची मालकीची कागदपत्रे अडकू शकतात. याखेरीज थकबाकीपोटी खात्यातील ठेव वळती करून घेण्याचा अधिकारही संस्थेला असतो. म्हणून मोटारकर्ज जेथे घ्याल तेथे क्रेडिट कार्ड घेऊ नये, आणि आणीबाणीची पुंजी वेगळ्या संस्थेत ठेवावी. काही क्रेडिट युनियन खाते उघडतानाच पतअहवालाची, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाची, अशी चौकशी करतात की तिचा परिणाम पतगुणांकावर (क्रेडिट स्कोअर) होतो. घरभाड्याचा अर्ज त्याच सुमारास द्यायचा असेल तर हेही आधी विचारून घ्यावे.

या सर्वांहून महत्त्वाचा भाग म्हणजे अदलाबदलीचा क्रम, आणि तेथेच बहुतेकांची अडचण होते. नवे खाते उघडल्यापासून पहिले ३० दिवस संस्थेला जमा झालेले चेक नेहमीपेक्षा अधिक काळ रोखून धरण्याची कायद्याने मुभा आहे. नव्या कंपनीने दिलेला स्थलांतराच्या खर्चाचा चेक या नव्या खात्यात भरला आणि त्याच आठवड्यात घरमालकाला पहिल्या महिन्याचे भाडे व अनामत रक्कम द्यायची असली, तर खात्यावर आकडा दिसतो, पण पैसे हाती येत नाहीत. यावर उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी नवे खाते उघडावे, त्यात चेक न भरता जुन्या खात्यातून इलेक्ट्रॉनिक मार्गाने रक्कम वळवावी, आणि घरमालकाला द्यायचा कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतःच्या हमीवर दिलेला चेक, जुन्या बँकेतूनच, शहर सोडण्यापूर्वी, काढून सोबत न्यावा. बहुतेक ठिकाणी सध्याच्या पत्त्यावर खाते उघडून पुढे पत्ता बदलता येतो. जेथे तेथील वास्तव्य हीच सभासदत्वाची अट आहे, तेथे सही झालेला भाडेकरार लागेल.

जुने खाते लगेच बंद करू नये. पगार नव्या खात्यात येऊ लागायला एक-दोन पगार जातात, आणि आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांपैकी वर्षातून एकदाच कापली जाणारी कोणती आहे, ते कोणाच्याच लक्षात नसते. म्हणून मागील बारा महिन्यांची विवरणपत्रे समोर घेऊन प्रत्येक नावावर खूण करावी. करविवरणपत्रात परताव्यासाठी जुना खाते क्रमांक दिला असेल, तर परतावा जमा होईपर्यंत ते खाते चालू ठेवावेच लागेल. एक सावधगिरी अशी की पगार जमा होत असल्यामुळे माफ असलेले मासिक शुल्क पगार थांबताच लागू होते; तेव्हा पुरेशी शिल्लक ठेवावी किंवा त्या बँकेतील विनाशुल्क प्रकारात खाते बदलून घ्यावे. झेल (Zelle) या फोनवरून पैसे पाठवण्याच्या सेवेत एक फोन क्रमांक एका वेळी एकाच खात्याला जोडता येतो. तो हलवायला विसरल्यास मित्रांनी पाठवलेले पैसे जुन्याच ठिकाणी जमा होत राहतील.

आपल्या बाबतीत माझा सल्ला असा : पगार, मोटारकर्ज आणि दैनंदिन खर्च सिॲटलमधील एनसीयूए-विमा असलेल्या मध्यम किंवा मोठ्या क्रेडिट युनियनमध्ये ठेवावा, आणि दोन्ही देशांतील मोठ्या रकमांसाठी ज्या बँकेकडे स्वतःची आंतरराष्ट्रीय वायरची सोय आहे, तेथे एक साधे विनाशुल्क खाते ठेवावे. केवळ बचत खात्यावरील व्याजाच्या जाहिरातीवरून निवड करू नये. तो दर केव्हाही बदलू शकतो.

प्रश्न : माझी पत्नी एच-४ व्हिसावर, म्हणजे माझ्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, आली असून तिच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही. नव्या शहरातील एका संस्थेने तिला संयुक्त खात्यात घेण्यास नकार दिला. हे कायद्याला धरून आहे का? – एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी संघराज्याचा नियम नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक ओळख क्रमांक मागतो. जे अमेरिकी नागरिक नाहीत त्यांच्यासाठी पारपत्राचा क्रमांक व तो देणारा देश एवढेही या नियमाखाली पुरेसे आहे. परंतु नियम ही किमान मर्यादा आहे. संस्था आपले धोरण त्याहून कडक ठेवू शकते, आणि अनेक लहान संस्थांची संगणकप्रणाली ऑनलाइन अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे नऊ अंक भरल्याखेरीज पुढेच सरकत नाही. म्हणून ऑनलाइन अर्जावर विसंबून न राहता पारपत्र, व्हिसाची कागदपत्रे आणि पत्त्याचा पुरावा घेऊन दोघांनी शाखेत जावे, आणि एका ठिकाणी नकार मिळाला तर दुसरीकडे विचारावे. आपण संयुक्त करविवरणपत्र भरत असाल तर पत्नीसाठी आयटिन, म्हणजे करदाता क्रमांक, मिळवता येतो, आणि त्यानंतर बहुतेक दारे उघडतात. करदाता क्रमांक नोंदवलेला नसेल तर व्याजातून २४ टक्के रक्कम कापली जाऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : शहर बदलल्यावर जुन्या बँकेतील खाते तसेच सोडून दिले. आता दोन नव्या संस्थांनी खाते उघडण्यास नकार दिला आणि कारण नीट सांगितले नाही. – एक वाचक, राली

उत्तर : बहुधा असे झाले असावे की सोडून दिलेल्या खात्यातील किरकोळ शिल्लक मासिक शुल्कात संपली, खाते उणे झाले, बँकेने ते बंद करून थकबाकीची नोंद चेकसिस्टिम्स या संस्थेकडे पाठवली. कर्जाच्या पतअहवालाशी तिचा संबंध नाही. ती केवळ ठेवखात्यांचा इतिहास ठेवते आणि अशी नोंद पाच वर्षांपर्यंत राहू शकते. आपला अहवाल तेथून विनामूल्य मागवावा, नोंद चुकीची असेल तर लेखी हरकत घ्यावी, बरोबर असेल तर जुन्या बँकेला थकीत रक्कम देऊन ‘देणे फिटले’ असे पत्र घ्यावे आणि अहवालात तशी दुरुस्ती कळवण्याची विनंती करावी. रक्कम भरल्याने नोंद पुसली जाईलच असे नाही, परंतु हे पत्र दाखवल्यावर अनेक संस्था फेरविचार करतात. तोवर ‘बँक ऑन’ हे प्रमाणपत्र असलेले एखादे खाते आपल्या शहरात आहे का ते पाहावे; अशा खात्यांत उणे शिल्लकेचे शुल्क नसते आणि पंचवीस डॉलर किंवा त्याहून कमी रकमेत ते उघडता येते.